ॲपनंच केलं असेल

२ मार्च

कानाच्या बाईंनी सांगितलं म्हणून हे लिहायला घेतलं आहे. कानांत नवीन यंत्रं घातल्यावर काय ऐकू येतं, काय येत नाही, कुठे टोचतं, कुठे शिट्टी वाजते, ते टिपून ठेवा म्हणाल्या. रोज लिहिणं काही माझ्याच्यानं होणार नाही. जमेल तसं लिहीन.

तर, यंत्रं झकास आहेत. आज गाडीत बसल्यावर टकटक असा आवाज यायला लागला. मला वाटलं, चाकात काहीतरी अडकलं. खाली उतरून चारही चाकं बघून आले. शेजारी बसलेली नर्सबाई, माझ्याकडे गाडी शिकते ती, म्हणाली, मॅडम, तो इंडिकेटरचा आवाज आहे. म्हणजे मी किती वर्षं तो ऐकलाच नव्हता. दोघी खूप हसलो.

त्रास म्हणाल तर एकच. यंत्रं फोनवरच्या ॲपला जोडलेली आहेत आणि त्या ॲपला सतत काहीतरी हवं असतं. पासवर्ड हवा. त्यात एक मोठं अक्षर हवं. मागच्या वेळचा चालत नाही. मग अपडेट. अपडेट होईपर्यंत मी ठार बहिरी.

त्यात आता आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं बुकिंगही ॲपवर आलं आहे. पूर्वी ऑफिसात फळा होता, त्यावर खडूनं लिहायचो, कुणाला कधी गाडीवर न्यायचं ते. माझ्या धाकट्या बहिणीच्या, बारकीच्या नवऱ्यानं, म्हणजे मेहुण्यांनी, फळा काढून तिथे सिनेमाच्या पडद्याएवढा टीव्ही लावला. ते कॉम्प्युटरमधले. त्यांना खडूची धूळ सोसत नाही.

५ मार्च

नर्सबाईचा आजचा तास ॲपवरून नाहीसा झाला. काल होता, मी डोळ्यांनी पाहिला होता. आज त्या जागी नुसती पांढरी पट्टी. बारकीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, कालपासून ॲप असंच करतंय. अपडेट चाललंय ना."

दुपारी नर्सबाई मला दिसली. दुसऱ्या गाडीत, बारकीनं नुकत्याच ठेवलेल्या नव्या मास्तरांबरोबर. मला पाहून तिनं हात वर केला आणि लगेच खाली घेतला. बारकी म्हणाली, तिची ड्यूटी बदलली, त्या वेळेला मास्तरच मोकळे होते. असेल. पण मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं. नर्सबाई क्लच सोडताना अजून घाबरते. तिला पाय टेकवून कसा सोडायचा ते मी निम्मं शिकवून ठेवलं आहे. मास्तर आता पहिल्यापासून सुरू करणार.

९ मार्च

हे कानाच्या बाईंसाठी नीट लिहून ठेवते, कारण हा सरळसरळ यंत्राचा दोष आहे.

आज डेंटिस्टबाईंचा तास होता. बाई दुसऱ्यांच्या दातांत हात घालायला घाबरत नाहीत, पण चौक आला की स्टिअरिंग गच्च धरतात. मागे त्यांचा मुलगा बसला होता, शाळेतून येताना घेतलेला. आम्ही मोठ्या चौकात सिग्नलला उभ्या होतो. हिरवा झाला, मी म्हटलं चला. त्याच क्षणी माझ्या दोन्ही कानांत एक बाई बोलायला लागली. "बॅटरी कमी आहे." ही ॲपमधली बाई. तिला नेमकी तीच वेळ मिळाली. तिचं संपेपर्यंत बाहेरचं काही ऐकूच येत नाही.

मागून रुग्णवाहिका येत होती. ती मला एकदम आरशात दिसली, अगदी जवळ. मी माझ्या बाजूचा, शिकवणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेक दाबला. गाडी चौकाच्या मधोमध थांबली, रुग्णवाहिका अंगाला घासल्यासारखी निघून गेली. कुणाला काही झालं नाही. बाईंचा चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, मी तुम्हाला दोनदा हाक मारली. मी म्हटलं, मशीनमधली बाई मध्ये बोलत होती हो. मुलगा रडायला लागला. मुलं कशानंही रडतात.

संध्याकाळी मीच हे बारकीला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "तुला सायरन आलाच नाही ऐकू? जवळ येईपर्यंत?"

मी म्हटलं, बाई बोलत होती ना. तिनं पुन्हा विचारलं, ती किती वेळ बोलते? मी म्हटलं, एवढंच, "बॅटरी कमी आहे." बारकी उठून टीव्हीचा पडदा पुसत बसली. स्वच्छ होता तो.

१४ मार्च

या आठवड्यात माझ्या तीन विद्यार्थिनी ॲपवरून गळल्या. शेवटी बुकिंगवाल्यांच्या हेल्पलाइनला मीच फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकवलं. मग एक मुलगा आला, आवाज गोड, वागणं अदबीचं. म्हणाला, मॅडम, आमच्याकडे काही बिघाड दिसत नाही. हे बदल तुमच्याच ऑफिसच्या लॉगिनवरून झालेत.

मी म्हटलं, ते लॉगिन आमच्याकडे दोघींचंच, माझं आणि माझ्या बहिणीचं. मी केले नाहीत. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतंय.

तो मग म्हणाला, मॅडम, तुम्ही एकदा बहिणीला विचारून बघता का?

मला इतका राग आला. आपली चूक झाकायला हे लोक घराघरांत भांडणं लावतील. चांगलं फैलावर घेतलं त्याला. बारकीला सांगितलं तर ती म्हणाली, "हेल्पलाइनवाल्यांचं असंच असतं ताई. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली. ती एरवी अशी अंगाला लगटणारी नाही. गेले काही दिवस फारच मायेनं वागते आहे. माझ्या सीटवर टेकायला मऊ उशी आणली. काल म्हणत होती, तू आता उन्हातान्हात फिरणं सोड, ऑफिसात बस, लोकांचे फोन घे, तुझ्याशी बोलायला सगळ्यांना आवडतं.

मी म्हटलं, फोन घ्यायला मीच बरी सापडले. माझे कान आणि फोन. या वेळी मात्र ती हसली, पण उशिरा.

ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. माझं लग्न मोडल्यावर मी एक जुनी गाडी घेऊन बायकांना चालवायला शिकवायला लागले. बारकी तेव्हा कॉलेजात होती. तिला गाडी मी शिकवली, मग शिकवायचं कसं ते शिकवलं, मग बोर्डावर माझ्या नावाखाली तिचं नाव रंगवून घेतलं. माझ्या हाताखाली तयार झालेली आहे ती. तिच्याइतका विश्वास माझा माझ्या पायाखालच्या ब्रेकवरही नाही.

१६ मार्च

कानाच्या बाईंकडे गेले. हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी यंत्रं काढून कॉम्प्युटरला लावली, मला काचेच्या खोलीत बसवून बीप ऐकवले आणि बाहेर येऊन म्हणाल्या की यंत्रांत दोष नाही, अपडेटमध्येही नाही. कागदावर एक उतरती रेघ दाखवली. डावा कान गेल्या वर्षापेक्षा बराच खाली गेला आहे म्हणाल्या. उंच आवाज, म्हणजे शिट्टी, सायरन, असे, ते आता यंत्रानंही पुरते भरून निघणार नाहीत.

मी काही वाद घातला नाही. त्यांनी मला यंत्रं विकली आहेत, त्या यंत्रांना दोष कशा देतील.

एक गोष्ट मात्र चांगली दाखवली. ॲपमध्ये एक बटण आहे. ते दाबून फोन बोलणाऱ्या माणसासमोर ठेवायचा, की त्याचा आवाज थेट आपल्या कानांत. मधला गोंगाट गाळून. लगेच गाडीत करून पाहिलं. फोन डॅशबोर्डवर शिकणारीच्या तोंडासमोर ठेवला. तिचं पुटपुटणंही ऐकू आलं. "पहिला, मग दुसरा, मग पाय वर," असं ती स्वतःशी म्हणत होती. फार बरं वाटलं. आता कुणी म्हणणार नाही की ताईंना हाक ऐकू येत नाही.

बारकीला बटण दाखवायचं राहिलं. ती घाईत होती.

२० मार्च

आजचा दिवस वाया.

माझं शिकवण्याचं लायसन या महिनाअखेरीला संपतं. त्याचं मोठं ऑफिस दुसऱ्या शहरात आहे. अर्ज, भेटीची वेळ, सगळं आता साइटवर करायचं असतं. ते मेहुण्यांनी केलं होतं. रेल्वेचं तिकीट माझं मी फोनवर काढलं आणि तिथून रड सुरू झाली. स्टेशनच्या फाटकापाशी फोननं स्वतःला बंद करून पुन्हा चालू करायचं ठरवलं. पडद्यावर एक चक्र फिरतंय, मागे माणसांची रांग. फाटकावरचा माणूस म्हणाला, तिकीट दाखवा. मी म्हटलं, ते यात आहे, हे जागं झालं की दाखवते. फोन जागा झाला तेव्हा गाडी सुटली होती. पुढची गाडी ॲपवर वेळेत दिसत होती, प्रत्यक्षात तासभर आली नाही, आणि आली ती भलत्याच फलाटावर. लाउडस्पीकरवरून सांगितलं असणार. मला तो नुसता गुरगुरल्यासारखा ऐकू येतो.

एवढं करून ऑफिसात पोचले तर खिडकीवरच्या बाई म्हणतात, तुमची भेट रद्द झालेली आहे. अर्जच मागे घेतला आहे.

मी विचारलं, कुणी? त्या म्हणाल्या, तुमच्या बाजूनंच. दहा दिवस झाले.

त्यांनाही मी तेच सांगितलं जे हेल्पलाइनवाल्याला सांगितलं होतं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, साइटचं काही सांगता येत नाही, तुम्ही पुन्हा अर्ज करा.

परत आल्यावर बारकीला सांगितलं. "तू गेलीस? आज?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, आजचीच तर वेळ होती. ती मेहुण्यांकडे बघायला लागली. ते म्हणाले, त्या साइटचं काही खरं नाही, उद्या परत भरू. मला वाटलं होतं ते साइटवाल्यांना चार शिव्या हासडतील. एरवी वायफाय अडकलं तरी त्यांचं तोंड सुरू होतं. आज अगदी शांत होते.

मी दमले आहे. या वयात माणसानं पडद्यांशी किती भांडायचं.

२४ मार्च

हे कानाच्या बाईंसाठी नाही.

दुपारी माझे तास नव्हते. हल्ली नसतातच. सकाळी बटण दाबून फोन गाडीत वापरला होता, तो तसाच चालू राहिला. ऑफिसात टेबलावर चार्जिंगला लावला आणि मी अंगणात गाडी पुसायला गेले. गाडी ऑफिसच्या खिडकीखालीच असते. मी आत बसून काच पुसत होते आणि कानात मेहुणे बोलायला लागले. आधी वाटलं, ते मागच्या सीटवर आहेत. मी वळूनसुद्धा पाहिलं.

ते म्हणाले, "आणखी किती दिवस ॲपच्या नावावर खपवणार आहेस? तिला सांगून टाक."

बारकीचा आवाज आला. "महिनाअखेरीला लायसन संपेल. मग कुणालाच काही सांगावं लागणार नाही."

"ती परत अर्ज करेल."

"तुम्हीच तर भरणार ना तो."

मग कप ठेवल्याचा आवाज. इतका स्पष्ट, जणू माझ्या कानातच ठेवला. मेहुणे म्हणाले, त्या डेंटिस्टबाईंनी तक्रारीचा एक फोन करून सोडून दिलं, पुढची कुणी सोडणार नाही. बारकी म्हणाली, "मला कळत नाही का? पण ताईला तोंडावर सांगायचं माझ्यानं होणार नाही. मशीन बिघडलं म्हटलं की ती मशीनवर चिडते. माझ्यावर चिडत नाही."

मी हातातलं फडकं घेऊन तशीच बसून राहिले. काच अर्धी पुसलेली होती. उरलेली पुसली. का पुसली कुणास ठाऊक.

मग आत गेले. विचारलं, फोन चार्ज झाला का. बारकी हसून म्हणाली, "झाला असेल. अगं, उद्याचा तुझा तास दिसत नाहीये बघ. ॲप परत अडकलंय वाटतं."

माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. मी बरं म्हटलं.

२५ मार्च

हेल्पलाइनला फोन केला. तोच मुलगा मिळावा म्हणून दोनदा संगीत ऐकलं. तो मिळाला नाही, दुसरी एक मुलगी होती. तिला म्हटलं, तुमच्याकडे एक गोड आवाजाचा मुलगा आहे, त्याला सांगा की त्या दिवशी तो खरं बोलत होता. ती म्हणाली, मॅडम, तुमचा तक्रार क्रमांक काय? मी म्हटलं, तक्रार नाही. तक्रार नसलेला फोन तिला कुठे नोंदवायचा ते कळेना.

२८ मार्च

तीन दिवस बोलले नाही. म्हणजे बोलत होते, चहा घेतेस का, किल्ली कुठे आहे, एवढंच. बारकीला काही कळलं नाही. किंवा कळलं असेल, आता मला तिचं काहीच ओळखता येईनासं झालं आहे. गेले तीन आठवडे ती माझ्या खांद्यावर हात ठेवत होती आणि मला ती माया वाटत होती.

आज तिला म्हटलं, गाडी काढ, जरा जाऊन येऊ. ती चालवायला बसली, मी माझ्या जागी. गावाबाहेरच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "माझा अर्ज कुणी मागे घेतला?"

"साइटनं काहीतरी..."

"बारके, साइट राहू दे. तू सांग."

तिनं आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेऊन थांबवली. ब्रेक ओढला. सगळं शिकवल्याप्रमाणे, एकही गोष्ट न विसरता. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून म्हणाली, "मी."

 मला वाटलं, पुढे काहीतरी येईल.

"नर्सबाई दुसरी गाडी मागायला लागली तेव्हाच मी समजले होते. आणि त्या दिवशी मागे लहान मूल होतं ताई," ती म्हणाली. "ती रुग्णवाहिका एक क्षण आधी आली असती तर? सबंध चौकाला सायरन ऐकू आला, तुला नाही आला. आणि तू मला ते हसत हसत सांगितलंस."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

  कदाचित ऐकलं नसतं. भांडले असते, कानाच्या बाईंना शिव्या दिल्या असत्या, चार दिवस जेवले नसते. पण माझं भांडण माझ्याशी करायला हवं होतं तिनं. मला हेल्पलाइनच्या त्या मुलावर ओरडायला लावलं, रिकाम्या हातानं दुसऱ्या शहरात जाऊन येऊ दिलं, विद्यार्थिनींना मला हात करायची चोरी झाली. त्या सगळ्यांना ठाऊक होतं. नर्सबाईला ठाऊक होतं.

एवढंच म्हणाले, "ऐकलं नसतं बहुतेक. पण सांगायचं तरी."

ती रडायला लागली. मी तिच्या बाजूचं दार उघडून तिला उतरवलं, स्वतः चालवायला बसले आणि दोघींना घरी आणलं. वाटेत कुणी हॉर्न दिला असेल तर मला माहीत नाही. मी आरशात बघत होते, सारखी बघत होते.

३१ मार्च

आज लायसन संपलं. सकाळी उठल्यावर वेगळं काही वाटलं नाही.

ऑफिसात गेले नाही. संध्याकाळी बारकीचा फोन आला. तो आता थेट कानातच वाजतो, घ्यायचा नसला तरी. घेतला. तिचा आवाज एवढा जवळ होता की श्वास घेतलेला कळत होता. म्हणत होती, मी चुकले, तू ये, फळा परत लावते, तू म्हणशील तसं करू, ऑफिसात नुसती बसून राहा, पण ये. मग नाक ओढलं. मग म्हणाली, "ताई, ऐकतेयस ना?"

मी म्हटलं, "नीट ऐकू येत नाहीये गं. काहीतरी बिघडलंय."

आणि बंद केला. माझ्या कानांबद्दल आयुष्यात पहिल्यांदा मी उलट बाजूनं खोटं बोलले. जमलं. तिला खरं वाटलं असणार.

७ एप्रिल

अर्ज मी स्वतः भरला. साइट तीनदा मिटली. चौथ्यांदा गेला. आज भेट होती. या वेळी तिकीट खिडकीवर काढलं, कागदाचं.

तिथल्या डॉक्टरनं कान तपासले. तरुण आहे, माझ्या निम्म्या वयाचा असेल. त्यानं बराच वेळ तपासलं, मग पडद्याकडची खुर्ची फिरवून माझ्यासमोर आणली, माझ्या तोंडाकडे बघून सावकाश म्हणाला, "गाडी तुम्ही स्वतः चालवू शकता. पण शिकवायला मी परवानगी देऊ शकत नाही."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याला वाटलं असावं, मला कळलं नाही. त्यानं खुर्ची आणखी पुढे ओढली आणि विचारलं, "आलं ना ऐकू?"

"आलं," मी म्हटलं.

उठायला थोडा वेळ लागला. त्यानं घाई केली नाही. बाहेर बाकावर पुढचा माणूस बसला होता, त्यानं सरकून मला जागा करून दिली. मी पर्स मांडीवर घेऊन बसले आणि तिथेच, अनोळखी लोकांत, मला एकदाचं रडू आलं.